वरच्या खाचराचं पाणी

वरच्या खाचरात पाणी दिसलं नाही की खालच्या खाचराचा धनी बांधावर येऊन उभा राहायचा, ही त्या घराची जुनी खोड. घराची भाताची खाचरं दोन, एकाला एक लागून. वरचं धाकट्या भावाचं, खालचं थोरल्याचं. कालव्याची पाळी दर चार दिवसांनी यायची. पाणी आधी वरच्यात शिरायचं, तिथे घोटाभर साचायचं आणि मग मधल्या बांधाच्या तोंडातून खाली उतरायचं. वडिलांनी वाटणी करताना वरचं धाकट्याला दिलं ते काही लाडाने नव्हे. धाकटा शिलाईच्या मशीनवर बसणारा माणूस. पाण्यामागे धावणं त्याच्याने झालं नसतं, तेव्हा पाणीच त्याच्याकडे आधी जाऊ दे, एवढाच त्यामागचा विचार.

प्रत्यक्षात त्या खाचरात धाकट्याचं पाऊल वर्षातून चारदा पडायचं. वाकायची ती त्याची बायको. तिला घरचे आणि गावातले सगळे धाकटीच म्हणायचे. चौदा वर्षं ती त्या चिखलात उभी होती. हंगामात तिच्या पायांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या व्हायच्या, कातडी पांढरी पडून सोलायची, आणि संध्याकाळी तेल लावताना ती नवऱ्याकडे पाठ करून बसायची, कारण तो बघायचा आणि हळहळायचा, आणि नुसत्या हळहळण्याचा तिला राग यायचा.

बेणणीला तण उपटताना पाय रोवला की पोटऱ्यांभोवती बुडबुडे यायचे. सडक्या अंड्यासारखा वास सुटायचा. लग्न होऊन आली त्या वर्षी तिने सासूला विचारलं होतं, हे काय आहे. सासू म्हणाली, जमीन आहे, तिलाही पोट आहे. तेवढ्यावर तो विषय संपला होता.

गेल्या हंगामात शेती खात्यातली एक बाई बांधावर आली. खांद्यावर लाकडी फळी, हातात पारदर्शक पेटी, पिशवीत सुया काढलेल्या पिचकाऱ्या. भातावर पेटी पालथी घालायची, आतली हवा पिचकारीने ओढून घ्यायची आणि बाटल्यांत भरून न्यायची, हे तिचं काम. फळी कशाला, तर चिखलात पाय पडून बुडबुडे सुटू नयेत म्हणून. जमिनीचे ढेकर गोळा करते म्हणून लोकांनी दोन दिवसांत तिचं नाव ढेकरवाली ठेवलं. थोरल्याने तिला आपल्या खाचरातून हाकललं. धाकटीने तिला नुसतं विचारलं, "काय मोजताय?"

ढेकरवालीने सांगण्याऐवजी दाखवलं. एक बाटली पाण्याने भरून खाचरात उलटी धरली, तोंडाला नरसाळं लावलं आणि धाकटीला खालचा चिखल काठीने ढवळायला सांगितलं. बुडबुडे नरसाळ्यातून बाटलीत चढले. मग तिने बाटली वर काढून तोंडाशी काडी धरली. भप् झालं. उन्हात ज्योत धड दिसलीही नाही, पण धाकटीच्या मनगटावरची लव जळली.

पाणी सतत तुंबून राहिलं की चिखलाला हवा मिळत नाही, आत सडतं आणि हा वायू होतो, ढेकरवाली म्हणाली. तो वर जातो आणि हवा तापवतो. तुमच्या एका खाचरातून, तसाच जगातल्या सगळ्या खाचरांतून. मध्ये मध्ये पाणी तोडलं, माती जरा सुकू दिली, तर निम्मा होतो. पीक कमी येत नाही, फक्त लक्ष ठेवावं लागतं. धाकटी मनगट चोळत ऐकत होती. तिला जगाचं फारसं काही वाटलं नाही, खोटं कशाला बोला. तिला वाटलं, चौदा वर्षं मी ज्यात पाय सडवले ते पाणी भाताला लागतच नव्हतं की काय. त्या विचाराने तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

पुढचा हंगाम तोंडावर आला तेव्हा तिने जेवताना विषय काढला. दोन्ही भावांच्या चुली वेगळ्या होत्या, पण पेरणीआधी एकदा सगळे सासूकडे जेवायचे आणि हंगामाचं ठरवायचे. थोरल्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की याचे शेती खात्यातले किती देणार आहेत. काही नाही, धाकटी म्हणाली. थोरला हसला.

"म्हणजे जमीन ढेकर देते म्हणून तिचं पाणी तोडायचं. उद्या म्हैस ढेकर देईल, तिचंही तोडशील."

सगळे हसले. धाकटीचा नवराही हसला आणि मग तिच्याकडे बघून त्याने हसू गिळलं. थोरल्याचं हसणं मात्र लवकर संपलं, कारण त्याच्या डोक्यात पुढचं आलं होतं. वरचं सुकलं तर खाली पाणी येणार कुठून? धाकटी म्हणाली की ती आपल्या बांधाच्या कडेने चर खणून देईल. पाळीचं पाणी चरातून थेट त्याच्या खाचरात उतरेल, तिच्या खाचराला न शिवता. जागा तिची जाईल, मेहनत तिची.

मग थोरल्याने पिकाचा मुद्दा काढला. वरच्या खाचरात गेल्या साली बावीस पोती झाली होती. घराची जमीन आहे, खेळायला दिलेली नाही. बावीसच्या खाली एक जरी पोतं गेलं, तर पुढच्या हंगामापासून वरचं खाचर तो कसणार. धाकटीने हवं तर मजुरीला यावं. हे तो भावाकडे बघून म्हणाला. भावाने नेहमीप्रमाणे ताटात बघितलं आणि म्हटलं, दादा म्हणेल तसं.

"कबूल," धाकटी म्हणाली. तिला कुणी विचारलं नव्हतं.

चर खणायला नऊ दिवस लागले. दीड हात रुंद, गुडघाभर खोल, खाचराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. पहिल्या दिवशी नवरा गळ्यात टेप अडकवून मोजायला आला, खुणा करायला कपड्यांवरचा खडू काढला, तो ओल्या मातीवर उमटेना. धाकटीला हसू फुटलं आणि त्यालाही. मग त्याने कुदळ घेतली. दोन दिवस खरंच खणलं. तिसऱ्या दिवशी त्याची कंबर धरली आणि तो मशीनवर परत गेला. तिने उरलेलं एकटीने उपसलं. तळहातांना फोड आले, फुटले, पुन्हा आले. घमेलं डोक्यावर घेऊन बांधावर चढताना मान आखडायची, आणि खालच्या बांधावर थोरला उभा राहून बघत असायचा. त्याचं काही काम नसायचं तिथे.

लावणी झाली. रोपं रुजेपर्यंत तिने पाणी ठेवलं. मग ढेकरवालीने दिलेली नळी बांधालगत रोवली. हातभर लांब, खालच्या अर्ध्या भागाला भोकं पाडलेली, आतली माती उपसून पोकळ केलेली. जमिनीच्या आत पाणी किती खाली गेलं ते तीत दिसायचं. नियम सोपा होता. नळीतलं पाणी जमिनीच्या टीचभर खाली गेलं की खाचराला चार बोटं पाणी द्यायचं, नाहीतर नाही. फुलोऱ्यात मात्र पाणी तोडायचं नाही. हे तिने घरी दहा वेळा सांगितलं, कारण सांगताना तिचाच धीर वाढायचा. सासू ऐकायची आणि मान हलवायची.

तिने खाचराचं कालव्याकडचं तोंड बंद केलं तसं खाचर चार दिवसांत उघडं पडलं. आधी चिखल चमकला, मग त्याची चमक गेली. येणारे जाणारे बांधावर थांबू लागले. कुणी विचारायचं, धाकटीकडे कुणी आजारी आहे का. कुणी म्हणायचं, शिंप्याला सांगा, खाचराला ठिगळ लावायला. पाळीच्या दिवशी चरातून पाणी झुळझुळ करत थोरल्याच्या खाचरात जायचं, ते भरायचं, आणि तरी लोक त्यालाच चिडवायचे की तू आता गटारातून पाणी पितोस. ते त्याला फार लागलं.

धाकटी रोज सकाळी घरातलं आवरून नळीपाशी यायची आणि आत काडी घालून बघायची. पाणी काठोकाठ नव्हतं, पण होतं. दोन बोटं खाली, कधी तीन. आठव्या दिवशी जमिनीला भेगा पडल्या. दहाव्या दिवशी भेगेत बोट जाऊ लागलं आणि रोपांची टोकं सुरळी झाली. नळीत पाणी तरीही तीनच बोटं खाली. तिला काही कळेना. डोळे सांगत होते एक आणि नळी सांगत होती दुसरं. पाळी आली, तिने हातात फावडं घेतलं, तोंड उघडायला वाकली आणि पुन्हा सरळ झाली. आपण ठरवलेला नियम आपणच मोडला, तर थोरल्याला हसायला आणखी कारण मिळेल, असं तिला वाटलं. हा तिचा हट्ट होता, आणि तो चुकीचा होता. पाळी तशीच गेली. तिला झोप लागेना, जेवण जाईना. रोपांची खालची पानं पिवळी पडली.

बाराव्या दिवशी ती आवरायचं सोडून उजाडतानाच निघाली. खाचराशी पोहोचली तर नळीपाशी सासू वाकलेली. शेजारी गवताचा भारा, हातात कळशी. म्हातारी नळीत पाणी ओतत होती, बेताबेताने, एक थेंब बाहेर सांडू न देता.

"आई, काय करताय?"

सासू दचकली नाही. तिला लपवण्यासारखं काही केलंय असं वाटतच नव्हतं. "पाणी घालतेय. तू म्हणालीस ना, हिच्यातलं खाली जाता कामा नये."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. गवताला येतेच मी. चारच लोटे लागतात, खाचर भरायला किती लागलं असतं." मग तिने आवाज खाली आणला. "हिच्यातलं आटलं की थोरला खाचर घेणार, हो ना? मी असेपर्यंत नाही आटायची."

नळीची भोकं गाळाने बुजली होती. म्हातारीने घातलेलं पाणी आतच उभं राहत होतं आणि बाहेर खाचर तहानेने फाटत होतं. धाकटी बांधावर मटकन बसली. तिला आधी रडू आलं, मग हसू, मग कळेना कुठलं काय आहे. तिने सासूला ओरडायला तोंड उघडलं. म्हातारीचे पाय तिच्यासमोर होते, घोट्यापर्यंत चिखलाने माखलेले, बोटांमध्ये जुन्या चिखल्यांचे काळे व्रण. एवढी वर्षं तिने ते पाय पाहिलेच नव्हते. तिने सासूच्या हातातून कळशी काढून घेतली आणि नळी कशाला आहे ते पुन्हा एकदा, पहिल्यापासून, सांगितलं. या वेळी म्हातारीला समजलं. तिचा चेहरा उतरला.

"मग मीच मारलं का गं पीक?"

"नाही मेलं. अजून नाही. आणि हे कुणाला बोलायचं नाही."

"थोरल्याला सांग. माझं नाव सांग."

"नाही सांगणार."

पाळीला दोन दिवस होते. वाट बघायला वेळ नव्हता. तिने तळ्यावरून डोक्यावर पाणी वाहायला सुरुवात केली. नवऱ्याने शिवायला घेतलेले कपडे बाजूला टाकले, गिऱ्हाइकाला उद्या ये म्हणून सांगितलं आणि दोन हंडे उचलले. दोन दिवस सासूसकट तिघांनी मिळून निम्मं खाचर कसंबसं ओलं केलं, उरलेलं पाळीने भिजलं. रोपं सावरली. कडेची काही सावरली नाहीत. नळी तिने उपटली, भोकं काडीने साफ केली आणि पुन्हा रोवली.

फुलोऱ्यात तिने नियमाप्रमाणे पाणी उभं ठेवलं. थोरल्याला वाटलं, बाई ताळ्यावर आली. लोंब्यांत दाणा दुधाळ झाला तसं तिने पुन्हा तोंड बंद केलं, आणि गटाराचं चिडवणं ऐकून ऐकून थोरल्याचा धीर सुटला.

पाळीच्या दिवशी सकाळी तो फावडं घेऊन आला आणि कालव्याकडचा तिचा बांध फोडू लागला. पाणी तिच्या खाचरातून आणायचं, आजोबांच्या वेळेपासून आलं तसं. चराचं तोंड त्याने दगडमातीने आधीच बुजवलं होतं. धाकटी पोहोचली तेव्हा दोन हात रुंद भगदाड पडलं होतं आणि कालव्याचं पाणी त्यात शिरायला लागलं होतं.

तिने चपला बाजूला काढून ठेवल्या आणि भगदाडात जाऊन बसली. पाठ कालव्याकडे, तोंड थोरल्याकडे. दोन्ही हातांनी कडा घट्ट धरल्या. पाणी पाठीवर चढू लागलं. ते इतकं गार होतं की तिचा श्वासच अडकला.

"ऊठ," थोरला म्हणाला.

"चराचं तोंड मोकळं करा. तुमचं पाणी तुम्हाला मिळेल."

"माझं पाणी इथून येतं."

"येत होतं."

बांधावर चार माणसं जमली. थोरल्याच्या हातात फावडं होतं, पण भावाच्या बायकोला तो हात लावणार कसा. तो तिला समजावू लागला, मग दरडावू लागला, मग लोकांकडे बघून म्हणाला की हिचं डोकं फिरलंय. पाणी तिच्या फासळ्यांपर्यंत आलं. ओठ निळे पडले, दात वाजायला लागले, तेव्हा तिने ते आवळून धरले. तिला भीती वाटत होती, आणि त्या भीतीपेक्षा मोठा राग होता. चौदा वर्षं या माणसाचं पाणी तिच्या पायांवरून गेलं होतं. आता पाठीवरूनही जाणार नाही, असं तिने मनाशी पक्कं केलं.

पाळी काही त्यांच्या भांडणासाठी थांबणारी नव्हती. अर्धी वेळ अशीच गेली. थोरल्याचं खाचर कोरडं राहण्याची वेळ आली, आणि त्याचा दाणाही दुधातच होता. शेवटी त्याने खाली मान घालून चराचं तोंड उकरलं. पाणी तिकडे वळलं. धाकटी मात्र पाळी संपेपर्यंत उठली नाही. उठली तेव्हा तिचे पाय सरळ होईनात, आणि बघणाऱ्यांपैकी एका म्हातारीने पुढे होऊन तिला आपलं कोरडं फडकं दिलं. तीन दिवस ती तापाने फणफणली.

त्याच आठवड्यात ढेकरवालीने दोन्ही खाचरांचा हिशोब आणला. या वेळी थोरल्याने तिला पेटी ठेवू दिली होती, धाकटीचं खोटं ठरेल म्हणून. वरच्या खाचराचा वायू खालच्याच्या निम्म्याहून कमी निघाला. तिने तो आकडा कागदावर लिहून धाकटीला दिला. धाकटीने तो थोरल्याच्या दारात जाऊन वाचून दाखवला, सगळ्यांदेखत, ताप अंगात असताना. थोरला म्हणाला, वायू पोत्यात भरून दाखव.

कापणी झाली, झोडणी झाली. पोती भरायच्या दिवशी दोन्ही घरं खळ्यावर होती, बघायला गावातलेही काही जमले होते. सासू मापाने धान्य घालत होती, धाकटी गोणीचं तोंड धरत होती, आणि नवरा खाली बसून दाभणाने भरलेल्या पोत्यांची तोंडं शिवत होता. शिवण्याचं काम कुणालाही त्याच्यासारखं जमायचं नाही, टाका टाक्याला समान. थोरला उभा राहून मोजत होता. अठरा झाली. एकोणीस. वीस. सासूचा हात मंद झाला, पोतं वाढावं म्हणून माप काठाच्या खालीच भरू लागली, तशी धाकटीने हळूच म्हटलं, "आई, काठोकाठ."

एकविसावं पोतं भरलं आणि खळ्यावर झाडून घेण्याएवढे दाणे उरले.

थोरला सावकाश पुढे आला आणि शेवटच्या पोत्यावर पाय ठेवून उभा राहिला.

"एकवीस," तो म्हणाला. "ठरलं होतं ते आठवतंय ना?"

"ते पाणी मी..." सासूने सुरुवात केली.

"आई, तुम्ही थांबा," धाकटी म्हणाली. तिने हात झटकले. कोंड्याने तिचा घसा खाजत होता. चराखाली किती जमीन गेली, तीत किती पिकलं असतं, हे सगळं तिला सांगता आलं असतं. खळ्यावरचे लोक तेच ऐकायला कान टवकारून उभे होते. पण तिला त्याचा कंटाळा आला. वकिलासारखं आपल्याच जमिनीसाठी का बोलायचं?

"आठवतंय. मी हरले."

"मग?"

"मग काही नाही. खाचर देत नाही."

थोरल्याला आपण नीट ऐकलं की नाही ते कळेना. "शब्द दिला होतास तू. सगळ्यांसमोर."

"दिला होता, मोडतेय. तोही सगळ्यांसमोर. गावभर सांगा, धाकटी शब्दाची पक्की नाही. मी नाही म्हणणार नाही. पण नांगर त्या खाचरात माझाच फिरणार आणि पाणी मी सोडीन तेव्हाच सुटणार."

थोरला भावाकडे वळला, जसा आयुष्यभर वळत आला होता. "अरे, तू सांग हिला. सांग काय ते."

नवऱ्याने वर बघितलं. त्याच्या तोंडात सुतळीचं टोक होतं, ते त्याने काढलं. एवढ्या माणसांत बोलायचं म्हणजे त्याच्या कपाळावर घाम यायचा, तसा आलाही. धाकटीने दुसरीकडे बघितलं. तो काय म्हणणार ते तिला पाठ होतं आणि ते ऐकताना त्याचा चेहरा तिला बघायचा नव्हता.

"दादा," तो म्हणाला, "पाय काढ. पोतं शिवायचंय आमचं."

खळ्यावर दाण्यांवर चिमण्या उतरल्या होत्या. थोरल्याने भावाच्या हातातल्या दाभणाकडे बघितलं. मग त्याने पाय काढला.